मेणबत्तीशिवाय हायड्रोजन ओळखणे

दहावीच्या रसायनशास्त्रात हायड्रोजन ओळखायची एकच रीत शिकवतात. जस्ताच्या तुकड्यांवर विरल सल्फ्युरिक आम्ल ओतायचे, निघालेला वायू साबणाच्या पाण्यातून जाऊ द्यायचा आणि वर आलेल्या बुडबुड्याजवळ जळती मेणबत्ती न्यायची. ‘फट्’ असा आवाज झाला की तो हायड्रोजन. प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान लिहिले की काम संपले. पण या रीतीत हायड्रोजन सापडतो तो पेटल्यावर. परीक्षानळीत ते चालते. खोलीभर हायड्रोजन साठला असेल, तर तिथे मेणबत्ती घेऊन गेलेला माणूस निरीक्षण लिहायला परत येणार नाही.

दुसरी काही रीत आपल्या शरीराकडे नाही. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो पेटला तरी त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी मिश्रण पेट घेऊ शकते, आणि त्याला लागणारी ठिणगी फारच लहान असते: सुमारे ०.०२ मिलिज्यूल. स्वयंपाकघरातल्या एलपीजीलाही स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग मिसळतात. हायड्रोजनमध्येही तेच मिसळावे, असे मला आधी वाटले होते. पण इंधन घटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, जे प्लॅटिनम असते ते गंधकाने निकामी होते. आणि बॅटरीत हायड्रोजन आपोआप तयार होतो, तिथे वास मिसळणार कोण?

बॅटरीचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण सैन्यात जिथे जिथे लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा संच असतो तिथे हा प्रश्न आहे. चार्जिंग पूर्ण होत आले की उरलेला विद्युतप्रवाह बॅटरीतले पाणी फोडू लागतो. एका पत्र्याजवळ हायड्रोजन, दुसऱ्याजवळ ऑक्सिजन. किती हायड्रोजन निघेल हे आपल्याला वर्गात शिकलेल्या गणिताने काढता येते. १ अँपिअर प्रवाह १ तास म्हणजे ३,६०० कूलोम. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ३,६०० ला ९६,५०० च्या दुपटीने भागायचे. उत्तर ०.०१८७ मोल, आणि प्रमाण तापमानाला व दाबाला २२.४ लिटरने गुणले की ०.४२ लिटर. हे एका सेलचे झाले.

आता टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतो तसा ४८ व्होल्टचा संच घेऊ. त्यात २ व्होल्टच्या २४ सेल असतात. चार्जिंग पूर्ण होऊनही १० अँपिअर प्रवाह चालूच राहिला असे समजा. २४ गुणिले १० गुणिले ०.४२ म्हणजे तासाला सुमारे १०० लिटर हायड्रोजन. खोली ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल तर तिच्यात ४८,००० लिटर हवा मावते. पंखा आणि झरोके बंद असतील तर पाच तासांच्या आत १ टक्का आणि एकोणीस तासांत ४ टक्के. हे हिशेबापुरते, सगळा वायू खोलीभर सारखा पसरला असे धरून. प्रत्यक्षात हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, त्यामुळे हवा खेळती नसेल तर तो आधी छताखाली जमतो आणि तिथे ४ टक्के खूप लवकर होतात. (पालकांनी हा परिच्छेद वाचला असेल तर एक विनंती: घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी जिन्याखालच्या बंद कपाटात असेल तर कपाटाच्या दाराला वर आणि खाली जाळी लावून घ्या.)

पाणबुडीत झरोका नाही. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. त्या बॅटऱ्यांच्या सेल माणसाच्या उंचीला येतील एवढ्या मोठ्या असतात आणि शेकडोंच्या संख्येने असतात. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीत उभ्या असलेल्या आयएनएस सिंधुरक्षक या पाणबुडीच्या बॅटरी कप्प्यात स्फोट होऊन आग लागली. एका नौसैनिकाचा जीव गेला आणि दोघे जखमी झाले. सदोष झडपेतून हायड्रोजन गळल्याचे कारण नौदलाच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले होते. मला पुढे नौदलात जायचे आहे, त्यामुळे ही घटना वाचल्यावर मी हा विषय घेतला.

हवा आहे त्याच जागी, ज्योत न लावता, ४ टक्क्यांच्या खूप आधी हायड्रोजन ओळखणारे साधन म्हणजे धातूच्या ऑक्साइडचा सेन्सर. अशा सेन्सरची सुरुवात जपानमध्ये झाली. तिथे घरोघरी बाटलीतला गॅस आला आणि गळतीने स्फोट होऊ लागले. १९६२ मध्ये क्युशू विद्यापीठातल्या तेत्सुरो सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराचा रोध वायूमुळे बदलतो हे दाखवले, आणि त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजही सर्वांत जास्त वापर टिन ऑक्साइडचाच आहे. टिन म्हणजे कथील. भांड्यांना कल्हई करतात तोच धातू.

टिन ऑक्साइड अर्धवाहक आहे. त्याच्या स्फटिकात काही ठिकाणी ऑक्सिजनचे अणू कमी असतात, आणि त्यामुळे थोडे इलेक्ट्रॉन मोकळे राहतात. वीज वाहते ती या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. सेन्सरमध्ये टिन ऑक्साइडचा एकसंध तुकडा नसतो, तर असंख्य बारीक कण एकमेकांना चिकटून झालेला सच्छिद्र थर असतो. त्याच्या आत एक हीटर असतो, तो थराला २०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो.

एवढ्या तापलेल्या कणांवर हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि प्रत्येक कणाच्या पृष्ठभागाजवळचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. कणाच्या कडेचा काही नॅनोमीटर जाडीचा भाग इलेक्ट्रॉनांविना रिकामा होतो. एका कणातून शेजारच्या कणात जायचे तर इलेक्ट्रॉनला हे दोन रिकामे पट्टे ओलांडावे लागतात. ही अडचण मला आमच्या ऑब्स्टॅकल कोर्समधल्या भिंतीसारखी वाटते. पाच फुटांची भिंत सगळे कॅडेट चढतात, सहा फुटांची निम्मे, सात फुटांची दोघे-तिघेच. उंची थोडीच वाढली, पण पार होणाऱ्यांची संख्या एकदम कोसळली. कणांमधल्या विद्युत भिंतीचे गणित तसेच आहे. भिंत जराशी बदलली तरी रोध अनेक पटींनी बदलतो. सेन्सरची सगळी ताकद यातच आहे.

हायड्रोजन आला की तो पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. पाणी तयार होऊन वाफ होते आणि ऑक्सिजनने धरून ठेवलेला इलेक्ट्रॉन कणाला परत मिळतो. भिंत खाली येते, रोध कमी होतो, विद्युतप्रवाह वाढतो आणि घंटा वाजते. म्हणजे हायड्रोजन इथेही जळतोच, पण ज्योतीविना, आणि थोड्याशा रेणूंपुरताच.

नोबोरू यामाझोए हेही क्युशू विद्यापीठातलेच. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कणाच्या आकाराचा परिणाम मोजून दाखवला. रिकाम्या पट्ट्याची जाडी सुमारे ३ नॅनोमीटर असते. कणाचा व्यासच ६ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी केला, तर दोन्ही बाजूंचे पट्टे मध्यावर भेटतात आणि पूर्ण कण रिकामा होतो. मग वायूची चाहूल लागताच फक्त कडेचा नव्हे, तर सगळ्या कणाचा रोध बदलतो. या आकाराखाली संवेदनशीलता झपाट्याने वाढते.

तरीही नुसत्या टिन ऑक्साइडची एक अडचण उरते. हायड्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना वेगळे करायला मोलमागे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. टिन ऑक्साइडला हे काम जड जाते. म्हणून तो जास्त तापवावा लागतो, उत्तर द्यायला वेळ लावतो, आणि हायड्रोजन आला की अल्कोहोलची वाफ आली हे त्याला फारसे वेगळे कळत नाही. इथे उत्प्रेरक धातूंची गरज पडते: प्लॅटिनम आणि पॅलेडियम.

या धातूंचे हायड्रोजनशी असलेले नाते जुने आहे. आवर्त सारणीच्या इतिहासात ज्यांच्या त्रिकांचा उल्लेख येतो, त्याच डोबेरायनर यांनी १८२३ मध्ये हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमच्या स्पंजासारख्या चूर्णावर सोडला, आणि काडी न लावता तो पेटला. त्यांनी त्याचा दिवा केला. त्यात हायड्रोजन तयार व्हायचा तो जस्त आणि सल्फ्युरिक आम्लापासून, म्हणजे आपल्याच प्रयोगातल्या सामानातून. काडेपेटी घरोघरी येण्याआधी हा दिवा लोक खरोखर वापरत. पुढे १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी दाखवले की पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेते. या दोन्हींच्या मागे एकच गोष्ट आहे. या धातूंच्या पृष्ठभागाला टेकताच हायड्रोजनचा रेणू सहज तुटतो आणि त्याचे दोन सुटे अणू होतात.

सेन्सरमध्ये टिन ऑक्साइडच्या कणांवर पॅलेडियमचे काही नॅनोमीटरचे ठिपके बसवतात. इतके बारीक का, याचा हिशेब मला फार आवडला. पॅलेडियमचा १ सेंटीमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केले तर एकावर अठरा शून्ये इतके तुकडे होतात, आणि सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर. आपले बास्केटबॉलचे मैदान २८ गुणिले १५, म्हणजे ४२० चौरस मीटर असते. बोटाच्या पेराएवढा धातू जवळजवळ दीड मैदान व्यापतो. महागडा धातू वापरायचा तर असाच वापरला पाहिजे, कारण रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होते. आतल्या अणूंना वायू दिसतच नाही.

हे ठिपके दोन प्रकारे काम करतात. एक म्हणजे हायड्रोजन फोडण्याचे. ठिपक्यावर सुटे झालेले अणू तिथेच थांबत नाहीत, तर ठिपक्याच्या कडेवरून ओसंडून शेजारच्या टिन ऑक्साइडवर पसरतात. तिथे ऑक्सिजन बसलेलाच असतो. सुटा अणू त्याच्याशी लगेच संयोग पावतो, म्हणून तेच काम कमी तापमानाला आणि लवकर होते. प्लॅटिनमचे काम मुख्यतः या प्रकारचे.

दुसरा प्रकार मला समजायला जास्त वेळ लागला. हवेत पॅलेडियमच्या ठिपक्यावर पॅलेडियम ऑक्साइड तयार होतो, आणि तो टिन ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. म्हणजे वायू नसतानाच भिंत आणखी उंच होते. हे उलटे वाटते: आपल्याला वीज वाहायला हवी आहे आणि आपण अडथळा वाढवतोय. पण हायड्रोजन आल्यावर पॅलेडियम ऑक्साइडचे क्षपण होऊन पुन्हा पॅलेडियम धातू बनतो आणि ओढलेले इलेक्ट्रॉन एकदम परत जातात. सात फुटांची भिंत एकाएकी पाच फुटांवर आली तर जो फरक दिसेल, तो साडेपाच फुटांची भिंत पाच फुटांवर आल्याने दिसणार नाही. सेन्सरची संवेदनशीलता मोजताना हवेतल्या रोधाला वायूतल्या रोधाने भागतात, म्हणून भागाकारातला वरचा आकडा मोठा करण्यात फायदा आहे.

मग भरपूर पॅलेडियम घालावे का? नाही. ठिपके जास्त झाले की एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग कमी होतो. शिवाय बराच हायड्रोजन वरच्या वर पॅलेडियमवरच जळून जातो, खालच्या टिन ऑक्साइडपर्यंत पोहोचत नाही. म्हणून धातूचे प्रमाण थोडेच, सहसा काही टक्क्यांच्या आत ठेवतात. महिनोन्‌महिने तापून ठिपके हळूहळू सरकतात आणि एकत्र येतात, हाही त्रास आहेच.

आमच्या टिंकरिंग लॅबमध्ये एमक्यू-८ नावाचा हायड्रोजन सेन्सर आहे. तो स्वस्त, टिन ऑक्साइडचा आणि १०० ते १०,००० पीपीएमसाठी बनवलेला आहे (१०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का). पहिल्यांदा वापरण्याआधी त्याला २४ तासांहून जास्त तापत ठेवा, असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिले आहे. आम्ही तसे केले. मग रसायनशास्त्राच्या सरांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून, परीक्षानळीत चिमूटभर जस्त आणि आम्ल घेतले आणि सेन्सर नळीच्या तोंडापासून वीतभर वर धरला. आर्डुइनोवरचा आकडा काही सेकंदांत ११० वरून ६०० च्या पुढे गेला. नळी दूर नेल्यावर तो खाली यायला मात्र कितीतरी जास्त वेळ लागला, कारण पृष्ठभागावर ऑक्सिजनला पुन्हा आपली जागा घ्यावी लागते. नंतर हाताला सॅनिटायझर लावून हात जवळ नेला, तर आकडा थोडा वर गेला. जस्त नाही, आम्ल नाही, तरीही. अल्कोहोलची वाफही पृष्ठभागावरचा ऑक्सिजन वापरते, म्हणून असे होते. पॅलेडियममुळे हायड्रोजनला प्राधान्य मिळते, पण इतर वायूंना दार पूर्ण बंद होत नाही.

या सेन्सरच्या टोपीवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी आहे. मला आधी ती धुळीसाठी वाटली होती. पण आत तापलेला हीटर आहे आणि बाहेर पेटू शकणारा वायू. आत पेट घेतलाच तर जाळी ज्योतीची उष्णता शोषून तिला बाहेर पडू देत नाही. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी कोळसा खाणीतल्या दिव्याला जाळी लावली ती याच तत्त्वावर. फक्त हायड्रोजनची ज्योत मिथेनच्या ज्योतीपेक्षा खूपच अरुंद फटीतून निसटते, म्हणून इथली जाळी जास्त बारीक लागते.

पाणबुडीत किंवा बॅटरीच्या खोलीत असा सेन्सर लावायचा तर आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. दमट हवेत पाण्याची वाफ पृष्ठभागावर बसते आणि कोरड्या हवेतला मूळ आकडाच सरकतो. आमच्याकडे पावसाच्या दिवशी ११० ऐवजी १४० दिसत होते. ऑक्सिजन नसेल तर सेन्सरची सगळी क्रियाच थांबते, त्यामुळे नायट्रोजन भरलेल्या नळीत त्याचा भरवसा धरता येत नाही. गंधकाचे वायू पॅलेडियमला चिकटून बसतात आणि ठिपके निकामी करतात. सिलिकॉनयुक्त वाफ सर्वांत वाईट, कारण ती तापलेल्या पृष्ठभागावर वाळूसारखा सिलिकाचा थर चढवते आणि तो थर परत निघत नाही. बुटांना झटपट चमक देणाऱ्या स्पंजात सिलिकॉन तेल असते, म्हणून लॅबच्या त्या कपाटाजवळ कोणी बूट चमकवू नयेत अशी चिठ्ठी आम्ही लावली आहे. वरिष्ठ कॅडेटना हा विनोद वाटला, पण चिठ्ठी अजून आहे.

पाणबुड्यांत पॅलेडियम-प्लॅटिनमचे दुसरेही काम असते. हवा अशा उत्प्रेरकावरून फिरवतात आणि तिच्यातला थोडाथोडा हायड्रोजन ऑक्सिजनशी जोडून त्याचे पाणी करून टाकतात. एकाच गुणाचा उपयोग कळण्यासाठी आणि काढण्यासाठीही. यापुढे पाणबुडीतला हायड्रोजन केवळ बॅटरीची नको असलेली वाफ राहणार नाही. डीआरडीओच्या अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी इंधन घटावर चालणारी यंत्रणा विकसित केली असून, तिच्या जमिनीवरच्या नमुन्याची महत्त्वाची चाचणी ८ मार्च २०२१ रोजी झाली. त्या यंत्रणेत हायड्रोजन टाक्यांत भरून न्यायचा नसून पाणबुडीतच तयार करायचा आहे. म्हणजे आत हायड्रोजन असणे ही रोजची गोष्ट होईल, आणि सेन्सर छताखाली, सांध्यांजवळ, झडपांजवळ अशा अनेक जागी लागतील.

एकच सेन्सर लावून निश्चिंत होता येत नाही. शांत सेन्सर पाहून वायू नाही की सेन्सर निकामी झाला आहे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी ठरावीक दिवसांनी त्याला माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू देऊन पाहतात. आमच्याकडे तसा सिलिंडर नाही, पण ठरलेल्या वजनाचे जस्त आणि ठरलेले आम्ल आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही तीच चाचणी करून आकडा, तारीख आणि त्या दिवसाची आर्द्रता वहीत लिहितो. आतापर्यंत चार नोंदी झाल्या आहेत. चौथ्या वेळी आकडा पहिल्यापेक्षा ४० ने कमी आला. तो पावसामुळे की ठिपके थकल्यामुळे, हे पाहण्यासाठी पाचवी चाचणी कोरड्या दिवशी घेणार आहोत.